क्राफ्टच्या खोलीतून घरच्यांनी नेलेल्या वस्तू: नाही कसं म्हणायचं?

टाचणी (सोमवार, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. गौरी-गणपती पार पडले, आज पंधरा दिवसांनी माझ्या खोलीत निवांत बसले आणि डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

मी गोधड्या करते. विकत नाही, नुसत्या करते. घरात एक छोटी खोली आहे, मूळची अडगळीची. त्यात शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, कटिंग मॅट, गोल पात्याचा कटर, दोन कात्र्या, ग्लू गन असा संसार मांडलाय. सात वर्षांत एकेक करून जमवलेला.

गणपतीच्या आधी जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या डेकोरेशनसाठी 'थोडं सामान' हवं होतं. थर्माकोल २०१८ पासून बंद, त्यामुळे आता सगळं मखर पुठ्ठ्याचं आणि कापडाचं. मी म्हटलं, न्या. काल सामान परत आलं:

माझ्या कापडाच्या कात्रीला फेव्हिकॉल आणि चमकी. कटरने पुठ्ठा कापलेला, त्यामुळे पात्याला खाच पडलीये. आता तो कापडावर फिरवला की ठरावीक अंतराने दोन-तीन धागे तसेच राहतात. आणि मॅट! चोवीस बाय अठराचं मॅट, त्याच्यावर गरम मोदकपात्र ठेवलेलं. बरोब्बर मोदकपात्राच्या आकाराचा गोल फुगवटा आलाय. त्यावर पट्टी ठेवली की सी-सॉ खेळते.

मी विचारलं तर, "अगं, बोर्डच आहे ना ते?"

प्रश्न एवढाच की पुढच्या वेळी नाही कसं म्हणायचं? भांडण नकोय. जाऊबाई स्वभावाने खरंच चांगल्या आहेत.

चहाबाज (१०:२६)

मोदक तरी मिळाले का?

टाचणी (१०:३१)

अकरा. उकडीचे. म्हणून तर अजून काही बोलले नाही.

उसवलेली शिवण (१०:४८)

अगं टाचणी, मी तुझ्या गळ्यात पडून रडू का? माझा सीम रिपर, म्हणजे शिवण उसवायचं टोकदार हत्यार, घरात कुरियरची पाकिटं फोडायला वापरतात. टोक मोडलं तेव्हा नवरा म्हणाला, "फार नाजूक बनवतात हल्ली."

त्याहून मोठं दुःख मशीनचं. नणंदेने मुलाचं दप्तर शिवायला घेतलं. माझ्या मशीनला ११ नंबरची सुई होती, मी मलमलीचं झबलं शिवत होते. तिने तीच सुई ठेवून दप्तराच्या चार पदरी पट्ट्यावर टीप मारली. सुई वाकली, शटलवर आपटली, तुटली. तिने शांतपणे कव्हर घातलं आणि घरी गेली. मी दुसऱ्या दिवशी बसले तर टाका पडेना. मेकॅनिक म्हणाला टायमिंग गेलंय, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ बिघडलाय. दप्तराला १८ नंबर लागते हे तिला माहीत नव्हतं ते समजू शकते. पण सुई तुटली हे तरी सांगायचं!

पेठी मिसळ (११:१५)

थोडा विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

आमच्या लहानपणी वाड्यात एकच कात्री होती. आजीची. त्याच कात्रीने चोळी बेतली जायची, कोथिंबीर कापली जायची, पतंगाचा कागद कापला जायचा आणि आमची नखंही. सगळ्या बिऱ्हाडांत फिरायची. कुणाचं काही अडलं नाही. वस्तू वापरायलाच असतात. हे 'माझी खोली, माझी कात्री' प्रकरण जरा जास्तच होतंय असं वाटतं. घरातल्या माणसांना कुलूप लावायचं का आता?

उसवलेली शिवण (११:१९)

नखं??? चोळीच्या कात्रीने???

करवतकाका (११:४०)

मिसळराव, तुमच्या आजीची कात्री सगळ्यांकडे फिरत होती कारण दर दोन-तीन महिन्यांनी सायकलवर धार लावणारा दारात येत होता. तो गेला, म्हणून हे भांडण आलं.

मी ठाण्याला बाल्कनीत सुतारकाम करतो. निवृत्तीनंतरचा छंद. माझ्या पटाशीने घरात रंगाचे डबे उघडले गेलेत. एकदा नारळ. पटाशी ही पटाशी आहे, ती स्क्रू ड्रायव्हर नाही, हे मी अकरा वर्षं सांगतोय. शेवटी एक गंजकी पटाशी मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवून दिली, तेव्हापासून बाकीच्या वाचल्या. टाचणीताई, हा उपाय करून बघा. बळीचा बकरा हवाच.

तुमच्या कटरबद्दल: पातं ४५ मिलिमीटरचं असेल ना? मग त्याचा परीघ १४१ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच इंच. खाच एकच असेल तर दर साडेपाच इंचांवर धागा सुटेल. मोजून बघा. दोन ठिकाणी सुटत असेल तर दोन खाचा.

टाचणी (११:५२)

काका, मोजलं. तीन खाचा आहेत.

शंकेखोर (मंगळवार, सकाळी ८:०५)

एक प्रामाणिक प्रश्न. कागदाने कात्री बोथट होते हे खरं आहे की शिवणवाल्या बायकांनी पसरवलेली अंधश्रद्धा? कागद तर कापडापेक्षा मऊ असतो.

करवतकाका (८:३०)

खरं आहे. कागद म्हणजे नुसता लगदा नसतो. गुळगुळीत आणि पांढरा दिसावा म्हणून त्यात चिनी माती, कॅल्शियम कार्बोनेट असले खनिज भुगे घातलेले असतात. थोडक्यात, फार बारीक पॉलिश पेपर. दोन-चार वेळा कापलात तर काही होणार नाही, पण मखरासाठी शंभर फुलं कापली तर कापडाच्या कात्रीची ती बारीक धार जाणारच. मग कापड कापलं जात नाही, दोन पात्यांत दुमडतं.

आणि कुणी सांगण्याआधीच: अ‍ॅल्युमिनियम फॉइल कापून धार येत नाही. कडेवरची बारीक किरच निघते, त्यामुळे थोडा वेळ बरं वाटतं. धार लावायची तर माणसाकडूनच. पण जाताना सांगा, कापडाची आहे. नाहीतर तो कोनच बदलून देतो.

शंकेखोर (८:३४)

आभार. म्हणजे मी बायकोची माफी मागायला हवी. नंतर बघू.

नागपुरी संत्रं (९:१०)

मोठ्ठा प्रतिसाद लिहितेय, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे आईचं जुनं पायमशीन होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. लग्नानंतर मी माझ्याकडे आणलं. त्याच्यावर मी पडदे, उशा, पोरांचे फ्रॉक, सगळं शिवलं. एका दिवाळीत चुलत सासूबाई महिनाभर राहायला आल्या. त्यांना मशीन आवडलं, म्हणाल्या मी वापरते. मी आनंदाने हो म्हटलं. त्यांनी ब्लाऊज शिवले, आणि जाताना 'मुलीचं मशीन फार कुरकुरत होतं' म्हणून प्रेमाने सगळ्या भोकांत तेल घालून गेल्या.

खोबरेल.

नोव्हेंबरात मशीन लोण्यासारखं चाललं. मी फोन करून त्यांचं कौतुकसुद्धा केलं! डिसेंबर उजाडला. नागपूरची थंडी तुम्हाला माहीत आहे. एका सकाळी पाय मारला तर चाकच हलेना. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, बाटली उन्हात ठेवावी लागते हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण मशीनच्या पोटात ते थिजलेलं आहे हे कसं कळावं? मी मोटर बसवायची म्हणून दुकानात घेऊन गेले. त्या दादाने नुसता वास घेतला आणि हसायला लागला. रॉकेलने सगळं धुवून काढलं, साचलेला चिकटा खरवडला, मग मशीनचं तेल घालून अर्धा तास रिकामं चालवलं. म्हणाला, दर हिवाळ्यात अशी चार-पाच येतात.

चुलत सासूबाईंना आजवर सांगितलेलं नाही. त्यांनी प्रेमाने केलं होतं. रागावू कोणावर?

चहाबाज (९:१४)

हसून हसून पुरेवाट. 'त्या दादाने नुसता वास घेतला' ला फुटलो.

मालवणी तिखट (९:४०)

संत्रं, आमच्याकडे कोकणात थंडी नाही, तरी खोबरेलाने मशीन चिकट होतंच. धूळ बसून गोंद होतो त्याचा.

जाता जाता, टाचणी, तू गोधडी कुठल्या पद्धतीची करतेस? आमची आजी जुन्या लुगड्यांचे थर घालून नुसत्या धावदोऱ्याने शिवायची. ना मॅट, ना कटर.

टाचणी (१०:०२)

वरचा थर तुकडे जोडून मशीनवर करते, मग तीन थर एकत्र करून धावदोरा हातानेच. तुकडे जोडायचे असले की सगळे चौकोन एका मापाचे लागतात. पाव इंचाची शिलाई, दहा चौकोनांत प्रत्येकी दोन सूत चुकलं तरी ओळ पार वाकडी होते. म्हणून मॅट आणि कटर. आजीच्या गोधडीला त्याची गरज नव्हती हे मान्य.

कृष्णाकाठ (१०:२०)

आमच्याकडे वाकळ म्हणतात. आणि वाकळ शिवायला बायका घरी यायच्या, अंगणात पसरून चार कोपऱ्यांवर चौघी बसायच्या. सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी म्हणतात.

मालवणी तिखट (१०:२२)

आमच्याकडे गोधडीच.

पेठी मिसळ (१०:३०)

धाग्याची वाकळ व्हायला लागली. एक सुचवतो.

वाड्यात भांडी उसनी जायची. लग्नकार्य असलं की आमचं पितळी पातेलं तीन गल्ल्या फिरून यायचं. पण हरवायचं नाही. का? प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. बोहरी आळीत भांडं घेतलं की दुकानातच ठोकून नाव घालून द्यायचे. नाव, कधी साल, कधी 'कै. अमक्याच्या स्मरणार्थ'. माझ्या मुंजीतल्या वाटीवर माझं नाव, आणि बाजूला चुकून दुसऱ्याच बटूचं अर्धं नाव आहे.

तर कुलूप नको, पण नाव घाला. कात्रीवर, मॅटवर, ग्लू गनवर. नाव असलेली वस्तू हातात घेतली की माणूस जरा जपून वापरतो. हे मात्र मी नक्की सांगतो.

बे एरियाकर (१०:५५)

मिसळराव +१. इथे अमेरिकेत बर्कलेच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून अवजारं उसनी मिळतात. ड्रिल, करवती, शिड्या, पुस्तकासारखं कार्डावर न्यायचं, तारखेला परत. मी डेक दुरुस्तीला तिथलीच करवत आणली होती. अनोळखी ग्रंथपालाकडून आणलेली करवत मी पुसून परत दिली. आणि मेहुण्याकडून आणलेलं ड्रिल माझ्याकडे २०१९ पासून आहे. आता बोला.

मेहुणा नव्हे (११:००)

नाव-गाव दे रे, चौकशी करतो.

धाकटी पाती (दुपारी १:३५)

सगळे टाचणीच्या बाजूने बोलताहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. मी ती 'जाऊ' आहे. म्हणजे टाचणीची नाही, माझ्या घरातली.

आमच्या मोठ्या जाऊबाईंची अशीच क्राफ्टरूम आहे. त्या खोलीत पूर्वी सासू-सासरे गावाहून आले की झोपायचे. आता ते हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतात. तक्रार करत नाहीत, ते करणारही नाहीत. मला काही लागलं की जाऊबाईंकडेच जावं लागतं, कारण घरात दुसरी कात्रीच नाही, सगळ्या कात्र्या त्या खोलीत गेल्यात. पोराचा 'उद्या प्रोजेक्ट आहे' रात्री नऊला समजतो तेव्हा मी कोणत्या दुकानात जाऊ? आणि त्या देताना अशा देतात की जणू किडनी काढून देताहेत.

मॅटवर गरम भांडं ठेवू नये हे मला तरी कुठून कळणार? हिरवं रबरी दिसतं ते, माझ्या डोळ्याला टेबलमॅटच वाटेल. तुम्हाला सात वर्षांत कळलेलं समोरच्याला आपोआप कळेल, असं कसं?

आणि एक प्रश्न, टाचणी. त्या खोलीत सगळं तुझंच आहे का? दुसऱ्या कुणाचं काहीच नाही?

उसवलेली शिवण (१:५०)

सासू-सासऱ्यांचा मुद्दा पटला. बाकी नाही. माहीत नसेल तर विचारावं. 'यावर गरम ठेवू का' एवढं विचारायला सात वर्षं लागत नाहीत.

रोजनिशी (२:३०)

मला यात वेगळंच दिसतं. माझा नवरा घरून काम करतो. त्याच्या लॅपटॉपला, हेडफोनला, खुर्चीलासुद्धा कुणी हात लावत नाही. 'बाबाचं काम आहे.' माझं एम्ब्रॉयडरी मशीन मात्र सार्वजनिक. दोन वर्षांपूर्वी मी ऑर्डरी घ्यायला लागले, महिन्याला दोन-तीनच. त्या दिवसापासून माझ्या खोलीत येताना सगळे दार वाजवतात. मशीन तेच, दोरे तेच, मी तीच. फक्त पैसे येतात हे कळलं.

याचा मला आनंद होत नाही, चीड येते. छंदासाठी आणलेली कात्री काय कमी कात्री असते?

करवतकाका (२:४५)

रोजनिशी, शंभर टक्के अनुमोदन. मी पेन्शनर, माझं कामच नाही, त्यामुळे माझी सगळी अवजारं 'पडलेली' असतात. 'ती तुमची पडलेली करवत द्या.' पडलेली नाही हो, टांगलेली आहे. नीट, खिळ्याला.

टाचणी (दुपारी ४:१०)

धाकटी पाती, तुझा प्रतिसाद वाचून आधी राग आला. मग चहा प्यायले आणि खोलीत जाऊन खरंच बघितलं. प्रामाणिकपणे यादी देते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा. माझ्याकडे आहे, कापसाचं वजन करायला. सासूबाई दोन वर्षं अंदाजाने बेसन घेताहेत. नवऱ्याचा स्पिरिट लेव्हल, तो का आणला आठवत नाही. मुलीची कंपासपेटी. जाऊबाईंचीच एक मोठी परात, मणी सांडू नयेत म्हणून, ही गेल्या संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांपासून इथेच आहे.

आणि सासूबाईंचा चकलीचा सोऱ्या. मध्यंतरी मला पॉलिमर क्लेचे दागिने करायचं खूळ होतं. क्लेच्या सारख्या जाडीच्या वळ्या काढायला सोऱ्या फार छान चालतो. दीड वर्ष झालं.

चहाबाज (४:१२)

आरोपीच्या पिंजऱ्यात स्वागत.

मालवणी तिखट (४:२०)

टाचणी!!! तो सोऱ्या परत खायच्या कामाला वापरू नकोस हं. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी आणि मऊ करणारी रसायनं. तुझ्या क्लेच्या पाकिटावरही लिहिलं असेल, वापरलेली भांडी स्वयंपाकात नेऊ नका म्हणून. कितीही घासलास तरी चकत्यांच्या भोकांत राहतंच.

टाचणी (४:२२)

हो, वाचलं होतं. तेव्हा वाटलं नवा आणून देईन.

पेठी मिसळ (४:४०)

पितळी आहे का? जुना असेल तर बघा, नाव घातलेलं असेल.

टाचणी (५:०५)

आत्ता चिंचेने घासून बघितलं. दांड्यावर आहे. सासूबाईंच्या आईचं नाव, आणि १९६१.

पेठी मिसळ (५:०६)

अरेरे.

धाकटी पाती (५:१५)

मी विचारायलाच नको होतं.

करवतकाका (५:३०)

सोऱ्या टाकू नका. कपाटात मानाने ठेवा, चकल्यांना नवा घ्या. आणि मॅटबद्दल: माझ्या मुलीचं असंच वाकलं होतं, आम्ही ते गच्चीवर कडक उन्हात काचेवर पालथं घालून वर फरशी ठेवली. बरंच सपाट झालं, पूर्ण नाही. तुमचा फुगवटा मोदकपात्राचा आहे, कठीण दिसतंय.

टाचणी (रविवार, संध्याकाळी ७:३०)

सगळ्यांना खबर देते.

आज परात घेऊन जाऊबाईंकडे गेले. परात बघून त्या म्हणाल्या, "अय्या, ही तुझ्याकडे होती? मी कामवालीवर संशय घेत होते." मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग मी मॅटचं सांगितलं. की ते टेबलमॅट नाही, पट्टी आता हलते, किंमत पंधराशे. भीत भीतच. त्या म्हणाल्या, "मग फोनवर सांगायचंस ना. तू नुसतं 'न्या ना, त्यात काय' म्हणालीस." आणि ते खरंच आहे. मी तसंच म्हणाले होते. नेहमी तसंच म्हणते.

बसल्या जागी त्यांनी मोबाईल काढून पैसे पाठवले. मी नको नको म्हणेपर्यंत टुंग वाजलंसुद्धा. वाकडं मॅट त्यांनीच ठेवून घेतलं, मोदकपात्राखाली. बरोब्बर बसतं म्हणे, सरकत नाही.

कात्री धार लावायला दिलीये. मेरठच्या बनावटीची, २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्यांपैकी, धारवाला खूश झाला. म्हणाला, हिला कितीही वेळा लावता येते, हल्लीच्या टाकून द्यायच्या कात्र्यांसारखी नाही. बाजारातून शंभर रुपयांची एक जाडी कात्री आणून दोरीने फ्रिजच्या हँडलला बांधली, करवतकाकांचा बकरा. तिसऱ्या दिवशी दोरी कापून कात्री गायब.

शंकेखोर (७:३५)

दोरी कशाने कापली?

टाचणी (७:३६)

त्याच कात्रीने.

उसवलेली शिवण (७:४०)

आमेन.

चहाबाज (७:५२)

ते सगळं ठीक. सोऱ्याचं काय केलंत? सासूबाईंना सांगितलं?

टाचणी (८:२०)

दिवाळीला अजून दीड महिना आहे.